आठ कोरी पानं

दातांच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. समोर गाल धरून बसलेला माणूस म्हणजे रविवारच्या पुरवणीत छोट्या प्रकाशनांची पुस्तकांवर लिहिणारा समीक्षक, हे कवयित्रीला शेजारी बसलेल्या त्याच्या मेहुण्याच्या बडबडीतून कळलं. तिच्या पहिल्या संग्रहावर आलेलं एकुलतं एक परीक्षण त्याचंच. ‘मौन हीच या संग्रहाची खरी कविता’ हे त्यातलं वाक्य तिला तोंडपाठ होतं.

“भाऊजी, त्या बाईंना तुम्ही अगदी डोक्यावर घेतलंत. एवढं भारी होतं पुस्तक?”

“छे रे! कविता नेहमीच्याच. घर, खिडकी, कंटाळा. पण आई आजारी पडते ना, तिथून पुढे सलग आठ पानं कोरी! काय धाडस!”

“छापायची राहिली असतील.”

“तू आपलं दुकान सांभाळ.”

“अहो, छोटं प्रकाशन. कोरा कागद मध्ये शिवला गेला असेल. विचारायचं तरी एकदा.”

“विचारायचं काय? अर्धा लेख त्या कोऱ्या पानांवर लिहिलाय मी.”

कवयित्री उठली. पिशवीतला संग्रह काढून, आईच्या आजारपणाचं पान उघडून तिने तो त्याच्या मांडीवर ठेवला.

“मीच ती बाई. ही आठ पानं तेवढी वाचा.”

आठही पानं कवितांनी भरलेली होती. त्याने एक उलटलं, दुसरं उलटलं, बाकीची नुसतीच चाळली.

“बाई, ही प्रत कुणाला दाखवू नका.”

“का?”

“बिघडलेली आहे.”