तोइवोने मागितलेली नोट

अमेरिकेतल्या थंडगार डुलूथ शहरात, पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे आर्लिस आणि तिची शेजारीण वर्ना होत्या.

"अगं वर्ना, घर तापवायची भट्टीच बंद! थंडीनं नवऱ्याचं घोरणं वाफ होऊन डोळ्यांना दिसत होतं."

"अगं बाई! मग?"

"कंपनीवाला म्हणाला, नवीनच बसवा, आठ हजार डॉलर."

"दिलेस?"

"छे! भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या तोइवोला बोलावलं. म्हणाला, 'बाई, एक डॉलरची नोट द्या.'"

"एका डॉलरात काय होतंय?"

"वीज बंद केली, भट्टीतली ज्योत ओळखणारी, काजळलेली धातूची काडी त्या खरखरीत नोटेनं पुसली. वीज लावली, आणि भट्टी पेटली!"

"आणि मजुरी?"

"येण्याचे नव्वद, बस्स. वर मलाही पुसायला शिकवलं. म्हणाला, 'आता मला बोलवायचं काम नाही.'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, भट्टी चालू असली तरी कॉफीला यायचं."