परकराचा चोरखिसा

आम्ही इथलेच, बेंगळुरातल्या पेटेतले, जुन्या बाजारातले शिंपी. आजोबा, पणजोबा, सगळे इथंच जन्मले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, तुम्ही पुण्याकडची माणसं आमच्या मराठीला हसता, हसा बापडे. मी लग्न केलं नाही आणि मशीन सोडलं नाही. गल्लीच्या तोंडाला लॉज आहेत, गाव बघायला आलेले लोक तिथं उतरतात, त्यांना मी चोरखिसे शिवून देते, बायकांच्या परकराला आतून, गड्यांच्या बनियनला, असा शिवते की खुद्द नवऱ्याला सापडायचा नाही.

आणि मी संशयी आहे, ते आधीच सांगून ठेवते. इथं फुलांची माळ हातानं मोजतात बघा, कोपरापासून बोटापर्यंत एक मोळा, तर फूलवाली हात आखडते का यावर माझा डोळा, आणि माळ घेतली की तिच्यासमोरच परत माझ्या हातानं मोजायची, मग भांडण, होऊ दे भांडण. गिऱ्हाइकालाही मी चार गोष्टी बजावते, ऑटोत बसायच्या आधी भाडं ठरवा, टॅक्सीचा नंबर जुळला तरच दार उघडा, कुठं उतरलात ते कुणाला सांगू नका, बाहेर कुणाच्या हातचं खाऊ नका, आणि देवाशपथ, खिशाला हात लावू नका, हात जातो तिथंच माल आहे हे चोराला बरोबर कळतं.

तर माझी थोरली बहीण, अक्का, मिरजेला दिलेली. आजवर आली ती कुणाच्या लग्नाला नाहीतर बाराव्याला, यंदा म्हणाली नुसतं गाव बघायला येते. सत्तरीची बाई, साखरेच्या आजाराची गोळी चालू, वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर येते. माझ्याकडे ब्लाउजांचा ढीग पडलेला, ती म्हणाली तू शिव, मी देवनहळ्ळीचा किल्ला बघून येते, लहानपणी बाबांनी नेलं होतं. मी म्हटलं एकटी? ती म्हणाली, अगं मी इथंच जन्मले. सरी म्हटलं, बरं, जा. पण तिच्या परकराला खिसा शिवला, पैसे आत, तिचा तो छोटा फोनही आत, आणि वर त्याचा आवाज बंद केला, परकरात फोन वाजला तर सगळ्या बसला कळेल म्हणून. एवढी माझी हुशारी. आणि पोळीचा डबा राहिला माझ्या मशीनवर.

दुपारी डबा दिसला, गोळी घेऊन उपाशी फिरतेय ती. फोन लावते, लावते, ती उचलणार कशी, मीच मुका केलेला.

तिकडं किल्ला बघून अक्का बसस्टँडवर आली आणि तिला घाम सुटला, हातपाय कापायला लागले, खाली बसली. लोक जमले. नाव काय, कुठं राहता, विचारतायत, आणि ही तोंड मिटून, मी बजावलेलं ना. कुणी पाणी दिलं, मान फिरवली. जवळ एक फूलवाली होती, तिनं गुळाचा खडा पुढं केला, तोही नको. तेव्हा त्या बाईनं काय केलं, खडा दातानं तोडला, अर्धा आधी आपण खाल्ला आणि अर्धा अक्काच्या ओठाला लावला. तो अक्कानं घेतला. मग त्या बाईला दिसलं, म्हातारी सारखी कमरेला हात लावतेय. माझी एक गोष्ट अक्कानं पाळली नाही, म्हणूनच वाचली. बाईनं गड्यांना लांब पाठवलं, आपल्या पदराचा आडोसा केला आणि खिसा शोधला. फोनवर माझे सगळे कॉल.

इकडं माझा फोन वाजला, अक्काच्या फोनवरून परकी बाई कन्नडात बोलतेय, तुमचं माणूस पडलंय, लवकर या. मी म्हटलं आलं हे, हल्ली फसवायला असलेच फोन येतात, आणि कट केला. परत आला, परत कट केला. लिहून घेताय ना, लिहा, दोनदा. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही, फोन अक्काच्या तोंडाला धरला. अक्का म्हणाली, बेबी, ये गं.

ऑटोवाल्याला भाडं न विचारता बसले, जन्मात पहिल्यांदा. पोचले तर अक्का त्या बाईच्या खांद्याला डोकं टेकून चहा पितेय. आणि काय सांगू तुम्हाला, लाज वाटते, माझा हात आधी अक्काच्या कपाळावर जायला हवा होता, तो गेला कमरेला. खिसा चाचपला. बाईनं बघितलं. रागावली नाही हो, म्हणाली, बघून घ्या अम्मा, सगळं आहे, आणि तोंड फिरवून फुलं गुंफायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

चोरखिसा अजून शिवते, चोर काय संपलेत? पण आता पदराच्या टोकाला घरच्या माणसाचा नंबर दोऱ्यानं काढून देते, ठसठशीत, कुणालाही दिसेल असा. लोक म्हणतात मावशी, असा नंबर उघडा ठेवायचा? मी म्हणते ठेवा, आणि पोटाला खाऊन निघा, सुखानं गाव बघा.

महिन्यातून एकदा बस धरून देवनहळ्ळीला जाते, त्या बाईकडून दोन मोळे मोगरा घ्यायला. पेटेतल्या फूलवालीची माळ मी अजून मोजून घेते. तिथं ती मोजत असते तेव्हा मी किल्ल्याकडं बघत उभी राहते.