डब्यातला कागद

माननीय अध्यक्ष अण्णा, व्यासपीठावरचे मान्यवर, आज आपल्या समुपदेशन केंद्रातून निवृत्त होणाऱ्या आदरणीय मालिनीताई, आणि कामधाम सोडून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी शिरगावचा महेश. केमिकल कंपनीत सुपरवायझर. दोन मिनिटं बोलायला सांगितलंय. जरा पाणी मिळेल का? हं, थँक्यू.

ताईंकडे मी आलो तो एका स्वप्नापायी. तीन वर्षं तेच स्वप्न. मी जेवणाचा डबा उघडतो आणि आतून कोंडाजी हाक मारतो, "साहेब, वर घ्या!" कोंडाजी आमचा हेल्पर. टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या गॅसने गेला.

मला वाटलं, ताई अर्थ सांगतील, मी सुटेन. कसलं काय! म्हणाल्या, "स्वप्न तुमचं, अर्थ मी कोण सांगणार? डोळे मिटा, आत्ता घडतंय असं सांगा." आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "डब्यात काय आहे?" मी म्हणायचो, भाजी-चपाती. वर्षभर भाजी-चपाती! हसू नका हो. ताई एकदा चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात तोंडून निघालं, "कागद."

टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासायची, मगच परमिटवर सही, हा नियम. आम्ही काय करायचो? सकाळीच कोऱ्या परमिटांवर सह्या ठोकून मोकळे. त्या दिवशी हवा कुणी तपासलीच नाही. कोंडाजी माझ्या सहीवर उतरला. नंतरच्या धावपळीत मी तो परमिटचा कागद डब्यात कोंबून घरी नेला. चौकशीत ठरलं, कोंडाजी परवानगीशिवाय उतरला. मी गप्प बसलो.

ताईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे ऐकायचा पहिला हक्क कोणाचा?"

कोंडाजीच्या पत्नी गोजरवहिनी या केंद्रात चहा करतात. दर शनिवारी मी बाहेर आलो की माझ्या हातात कप द्यायच्या. म्हणायच्या, "साहेब, झोप लागते का आता?" मी चहा संपवून निघायचो.

अण्णा, घड्याळ बघू नका, संपवतोच. वहिनी, तुमच्या माणसाची चूक नव्हती. सही माझी आहे. नोकरी जाईल, कदाचित आतही जाईन. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? उद्या तुम्ही म्हणाल त्या साहेबासमोर मी हेच सांगेन.

मालिनीताई, तुमचे आभार. आयोजकांचेही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर या सभागृहाने पदरात घ्यावं. बाकीची माफी तुमच्या हातात नाही.

गोजरवहिनी, अशा दारात उभ्या राहू नका. तो ट्रे खाली ठेवा. आधी हा कागद घ्या.