टोकनाक्या की गोलनाक्या

—ते सगळं ठीक आहे ताई, पण आधी एक सांगा, एवढी दीडशे माणसं बसलीयेत या गेटवर, तुम्ही सरळ माझ्याकडेच का आलात? त्या जाड्या गृहस्थांना विचारलंत? नाही विचारलंत. मी बघतोय मघापासून. त्यांच्या पुढ्यातून तुम्ही नुसत्या चालत गेलात, त्या दोन बायकांना ओलांडलंत आणि इथे येऊन थांबलात—ते झोपलेत म्हणून? हां, झोपलेत खरे, तोंड उघडं आहे. मग त्या बायका? भांडतायत. ते मलाही ऐकू येतंय. सगळ्याला उत्तर तयार आहे तुमच्याकडे. ते गळ्यातलं कार्ड जरा सरळ करा बघू—हा फोटो तुमचा? यात केस लांब आहेत. कापले होय. कापतात हल्ली, माझ्या मुलीनेही कापले, कुणाला न विचारता—ते जाऊ दे. बसा. उभ्याने डोक्यावर राहू नका, मला ते आवडत नाही.

विचारा आता. ‘आपल्याला कोणत्या कंपनीचं विमान जास्त पसंत आहे?’ वा! आणि हे कुणाला हवंय? विमानसेवेला. त्यांना माझी पसंती कळून काय करायचंय? उद्या मी म्हटलं मला अमुकच पाहिजे, तर ते काय माझ्यासाठी दारात आणून उभं करणार आहेत? सकाळी तिकिटावर एक विमान छापलेलं असतं आणि दुपारी काचेपलीकडे दुसरंच येऊन उभं राहतं, तेव्हा नाही कुणी विचारायला आलं. तेव्हा फोनवर एक ओळ—‘कामकाजाच्या कारणास्तव विमान बदलले आहे.’ कसलं कामकाज? कुणाचं? ते नाही लिहीत. आणि विमान बदलल्याबरोबर अर्ध्या तासात तुम्ही हजर, हातात हे पाटीसारखं घेऊन, आणि प्रश्न काय, तर पसंती. मी कापड कापणारा माणूस आहे ताई, पण बुद्धीने अगदीच चिंधी नाही.

नाही, माहिती आहे मला विमानांची. लोकांना नसते. शंभरातल्या नव्वदांना उतरल्यावर विचारा कशात बसला होतात, तर खिडकी मिळाली होती एवढंच सांगतील. ते बघा समोर उभं आहे ते. नाक बघा त्याचं. गोल आहे की नाही, लहान मुलाच्या नाकासारखं? आणि ते पलीकडचं, लाल शेपटीचं—त्याचं नाक पुढे निमुळतं झालंय, आणि पायलटच्या बाजूच्या खिडकीचा खालचा काठ दुमडल्यासारखा तिरपा आहे. दोन कंपन्या, दोन नाकं. आमच्या वर्कशॉपमध्ये खरी नावं कुणी घेत नसे, शिवणाऱ्या बायकांची जीभ वळायची नाही—हा टोकनाक्या, तो गोलनाक्या. एकतीस वर्षं मी विमानाच्या सीटची कव्हरं कापली. बावीस मशिनी होत्या, पण कात्री एकाच माणसाची. मास्तर म्हणायचे मला. टोकनाक्याची सीट जरा अरुंद, गोलनाक्याची जवळजवळ इंचभर रुंद. इंच म्हणजे काय ते तीन तास दोन परक्या माणसांच्या मध्ये बसलेल्याला विचारा. दोन्ही विमानांचे कापायचे साचे एका खुंटीवर टांगायचे नाहीत हा माझाच नियम, आणि एकदा ते माझ्याच हातून एका खुंटीवर टांगले गेले, आणि एकशे ऐंशी कव्हरं इंचाने कमी कापली गेली. दोन बायका चार दिवस ती ताणून बसवत होत्या. बसतायत कसली! कापड काही माणूस नाही, ताणून घ्यायला. माणूस तरी कुठे घेतो म्हणा.

तर लिहा—टोकनाक्या. काय? आत्ताच मी म्हटलं गोलनाक्याची सीट रुंद? म्हटलं की. मग? रुंद सीट आवडलीच पाहिजे असा कायदा आहे? कारणाचा रकाना वेगळा आहे होय. मग लिहा, ‘सुरक्षित वाटते’. सगळे तेच लिहीत असतील. नाही—थांबा, खोडा ते. उगाच खोटं कशाला. दोन्ही सारखीच सुरक्षित आहेत, त्यात काही डावंउजवं नाही, मी दोघांच्याही पोटात शिरून सीटची मापं घेतलीयेत. ‘सवयीचे आहे’ असं लिहा. आणि किती वेळा प्रवास केला? पुष्कळ. आकडाच पाहिजे? दहा. दहा जास्त होतात, आठ लिहा. काय बघताय? हा बोर्डिंग पास मी उलटा धरला होता म्हणून? चष्मा नाही डोळ्यांवर. बरं. शून्य लिहा. पोटात शिरलो म्हणजे ते जमिनीवर उभं असताना, शेडमध्ये. उडताना कधी नाही. एकतीस वर्षं लोकांना बसवलं, आपण नाही बसलो. झालं समाधान?

हे विचारायला तुम्हाला तिने सांगितलं ना? हसू नका. माझ्या मुलीने पाठवलंय तुम्हाला. तिला जाणून घ्यायचंय की बाबा टोकनाक्याच का म्हणून बसलेत. ताकाला आलात तर भांडं लपवू नका ताई, सरळ विचारा. नाही पाठवलं? ओळखतही नाही? मग फोनवर मघाशी कुणाशी बोलत होतात त्या खांबामागे? तुमचे साहेब. असतील साहेब. मी शपथ घ्यायला नाही लावत. पण योगायोग बघा ना—मागच्या मंगळवारी मी इथेच बसलो होतो, याच गेटवर, तिकीट टोकनाक्याचं, आणि ऐन वेळी विमान बदललं, गोलनाक्या आला. मी उठलो आणि घरी गेलो. आज पुन्हा तेच. दोनदा? एकाच माणसाच्या बाबतीत? तुम्ही म्हणताय रोज बदलतात, संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी इकडचं तिकडे करावं लागतं, कुणा एका प्रवाशासाठी कुणी विमान हलवत नाही. तुम्ही तसंच म्हणणार.

जायचंय कुठे म्हणजे? मुलीकडे. आज बावीस दिवसांची झाली माझी नात. बायको पहिल्याच दिवशी गेली, एक पिशवी उचलली आणि निघाली, तिने नाक बघितलं नाही की शेपूट. मी म्हटलं, मी येईन, पण टोकनाक्यानेच येईन. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तुम्हाला दुसऱ्याची भीती वाटते का? मी म्हटलं, हो, वाटते. तिला वाईट वाटलं बिचारीला. मंगळवारी मी परत गेलो तेव्हा बायकोने फोन घेतला. ती जास्त बोलत नाही, एकच वाक्य बोलते, पण टाचणीसारखं. म्हणाली, “तुम्ही घाबरताय कशाला, विमानाला की पोराला?” आणि ठेवून दिला.

पोर म्हणजे जावई. पायलट आहे. आता कळलं ना? नाही कळलं. या विमानसेवेतलाच. आणि तुम्हाला माहिती असेल नसेल, पायलटला दोन्ही नाही चालवता येत. म्हणजे शिकला तर येईल, पण एका वेळी एकच. ज्याचं लायसन त्याचंच विमान, दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं नाही. आमच्यासारखंच—साचे वेगळ्या खुंटीवर. आणि आमचा हा गोलनाक्यावर आहे. म्हणून. टोकनाक्यात बसलं की तो पुढे असूच शकत नाही, कितीही बदल्या करा. शंभर टक्के. मी नीट चौकशी करून ठेवलंय, दोन वर्षांपूर्वीच, तिकीट काढायचं कारणही नव्हतं तेव्हा.

नाही हो, चांगला चालवत असेल. तसा विश्वास नाही असं नाही. तुम्ही भलतंच लिहाल—ते लिहू नका. झालं असं की तो पहिल्यांदा घरी आला, आईला घेऊन. मुलीने सांगून ठेवलं होतं, बाबा, नीट बोला. मी नीटच बोलत होतो. विचारलं, कोणतं चालवता? गोलनाक्या म्हणाला—म्हणजे खरं नाव सांगितलं त्याने. मी खूश झालो. म्हटलं, मग सांगा बघू, आत सीटच्या कव्हरचा रंग कोणता? तो हसला. म्हणाला, “खरं सांगू का, आम्ही मागे फारसं बघतच नाही.” एवढंच. वाईट हेतूने नाही म्हणाला, आता कळतं. रोज त्या दारातून आत जातो, आणि गडद निळ्यावर करड्या रेघा, त्या रेघा प्रत्येक सीटवर सरळ याव्यात म्हणून मी एकेक थान उलटून कापायचो, आणि याला रंग माहिती नाही. माझ्या जिभेला हाड नव्हतं त्या दिवशी. मी म्हटलं, “म्हणजे ड्रायव्हरच की तुम्ही. बस काय नि विमान काय, पुढे बघून चाक फिरवायचं.” त्याच्या आईसमोर. तो हसलाच, तरीही हसला तो. त्याच्या आईने कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. आणि मुलगी—ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या कपाकडे बघत होती.

मग काय. लग्न झालं, मी गेलो नाही. कुणी बोलावलं नाही असं मी लोकांना सांगितलं. बोलावलं होतं. तो स्वतः आला होता, एकटा, युनिफॉर्ममध्येच, ड्यूटीवरून सरळ. मी मागच्या खोलीत होतो. बायकोला खूण केली, सांग नाहीत म्हणून. चपला दारातच होत्या माझ्या. त्याने त्या बघितल्या, आणि म्हणाला, “बरं, बाबा आले की सांगा.” बाबा म्हणाला. चिडला असता तर बरं झालं असतं हो, चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

हे लिहीत नाही ना तुम्ही? हात वर दाखवा. बरं.

तुम्ही म्हणाल, शेकडो पायलट असतील गोलनाक्यावर, आज तोच कशाला असेल? हेच मी मंगळवारी स्वतःला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. आज सांगितलं. आज मी ठरवून बसलो होतो की विमान बदललं तरी उठायचं नाही, मुलीचा आवाज फार थकलेला होता काल. आणि वीस मिनिटांपूर्वी या विमानावरची सगळी मंडळी आली, पायलट धरून, बॅगा ओढत, सहा जण. मी पेपर वर केला. पेपरच्या कडेने बघितलं. दुसऱ्या नंबरला—डावा खांदा जरा खाली टाकून चालतो तो, आमच्या दारातून परत गेला तेव्हा खिडकीतून तेवढंच दिसलं होतं मला, पाठमोरा खांदा. तोच. तेव्हापासून मी इथे बसलोय आणि विचार करतोय की स्वच्छतागृहात जाऊन बसावं आणि विमान गेलं की बाहेर यावं. आणि मग तुम्ही आलात पसंती विचारायला.

रांग लावायला सांगतायत का? अजून नाही, आधी व्हीलचेअरवाले. म्हणजे दहा मिनिटं आहेत. मला सांगा, तुम्ही रोज इथे असता—आत शिरताना पायलट दारात उभे असतात का? नमस्कार वगैरे करायला? कधी कधी. हे ‘कधी कधी’ फार वाईट. उभा असला तर काय म्हणायचं? कसे आहात? एवढ्या वर्षांनी? आणि मागे लोकांचा खोळंबा. म्हणजे नको बोलायला, मान खाली घालून सीट शोधायची, असंच ना? तू काय केलं असतंस? म्हणजे—तुम्ही. माफ करा, सवय. नाही नाही, विचारतोय खरंच, तुमचे वडील असते तर.

असं. ‘नुसते येऊ देत.’ बरं.

ते बघा—गेटचं दार उघडलं का? मी नाही बघत, तुम्ही बघा. कोण आहे? टोपी डोक्यावर की हातात? हातात. खांदा? खांदा बघा ना नीट! डावा. आणि काय करतोय, काउंटरवाल्या बाईशी बोलतोय? कागद बघतोय. यादी असेल. यादीत नाव आहे माझं, हो. आता? वर बघितलं. ओळीओळीने बघत येतोय? त्या झोपलेल्यांपाशी थांबला? नाही थांबला. हसतोय का हो तो? असो. सांगू नका.

झालं तुमचं काम. लिहा तुम्हाला हवं ते, कोणत्याही रकान्यात लिहा. उठा आता ताई. उठा म्हणतो ना लवकर—त्याला बसायला जागा नको?