रविवारचा हिरवा ठिपका

—नाही, ते हिरव्या ठिपक्याचं नका बंद करू. बाकी काय करायचं ते करा, मशीन हळू चालतं म्हणून मीच तुम्हाला बोलावलं, मग तुमच्या कामात कशाला नाक खुपसू — पण ते तेवढं राहू द्या. हं, वाचा पुढे. आपण हातही न लावता सुरू होणारे इतके? असतील. ह्यांचाच उद्योग. दुकानात कोणीतरी दाखवलं, की कॉम्प्युटर उघडल्याबरोबर हवं ते आपोआप सुरू करता येतं — झालं, मग दिसेल ते त्यात टाकत सुटले. बुद्धिबळ टाकलं, हवामान टाकलं, पुलांचे नकाशे काढायचं ते टाकलं — नकाशे काढण्यातच अख्खी नोकरी गेली ह्यांची, रिटायर झाल्यावर कोण पूल मागायला येणार होतं? पण उघडलेलं असू दे म्हणायचे. प्रिंटरचं? ते काढा. प्रिंटर शेजारच्यांना कधीच देऊन टाकला, आणि हे अजून रोज सकाळी उठून त्याची वाट बघत बसतंय होय. काढा, काढा. मी म्हणायचे ह्यांना, तुमचं मशीन आणि मी सारखेच, डोळा उघडला की दूध, आंघोळीचं पाणी, तुमचा चहा — कोणी सांगायला नको. हसायचे. आताही तसंच चाललंय, दोघांचा चहा ठेवते आणि एक कप ओतून देते.

हो, गेले. बसल्या जागीच — तुम्ही बसलायत त्याच खुर्चीत. अहो, उठू नका, खुर्चीला काय होतंय. बसा. मला काही वाटत नाही. खरंच वाटत नाही, तेच तर कळत नाही मला — लोक येतात, डोळे पुसतात, मी त्यांना पाणी देते.

ठिपक्याचं म्हणाल तर — लेक लांब असते, विमानानं जावं लागतं इतकी लांब. ह्यांना फोनवर बोलता यायचं नाही. दोन वाक्यं झाली की ‘हं, आईला देतो.’ म्हणून मग तो बोलायचा प्रोग्राम आपोआप उघडेल असं करून ठेवलं. हे सकाळी पासवर्ड टाकायचे, की तिकडे चिमीच्या फोनवर ह्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका. बाबा उठले. ती एक अंगठा पाठवायची, हे एक अंगठा पाठवायचे, संपलं बापलेकीचं बोलणं. मी म्हणायचे, काय ही तऱ्हा. पण एखाद्या दिवशी ठिपक्याला उशीर झाला की पोरीचा मला फोन, बाबा बरे आहेत ना?

तर तो आता मी लावते. सकाळी, ह्यांच्या वेळेला. — असं बघू नका. तिला सांगितलेलं नाही. दिवस भरत आलेत तिचे, आधीची दोन राहिली नाहीत, डॉक्टर पलंगावरून उठू देत नाहीत. जावयांनीच हात जोडले, म्हणाले, आई, बाळ हातात येईपर्यंत थांबा. थांबले. बाबांना दे म्हणाली की घसा बसलाय, फिरायला गेलेत, आत्ताच डोळा लागलाय — सुचेल ते सांगायचे. हल्ली तेही करावं लागत नाही. हल्ली ती मागतच नाही त्यांना. बरंच झालं म्हणा.

ते फडकं? मागे लटकतंय ते? ते रविवारचं. रविवारी हे मशीन लावायचे नाहीत. स्वच्छ पुसायचे, वर फडकं घालायचे, म्हणायचे, त्यालाही सुट्टी हवी. कोणी मेलं तरी लावायचे नाहीत. चिमी चिडवायची, बाबा, रविवारी तुमचा दिवा गेलेला असतो. काय म्हणालात? आज घाई आहे, रविवार म्हणून?

आज रविवार आहे?

थांबा. माउस सोडा जरा. — मला वार कुठे कळतायत. ते गेल्यापासून एकही सकाळ चुकवली नाही मी. म्हणजे रविवारीसुद्धा. पहिल्याच रविवारी. आणि तिनं विचारलं नाही, बाबांनी आज कसं काय लावलं म्हणून. विचारायला हवं होतं ना? चिडवायला हवं होतं. आणि हो — त्यानंतरच. त्यानंतरच ते ‘बाबांना दे’ बंद झालं. आता फोन केला की म्हणते, आई, जेवलीस का, काय जेवलीस, झोप लागते का. जन्मात कधी विचारलं नव्हतं. आणि अंगठा तर रोज पाठवते. कोणाला पाठवते मग?

वाजलं बघा. आला. सरका थोडे, मला पाठवू दे. — गेला.

पलंगावर पडल्या पडल्या एकटीनं गिळलंय पोरीनं. नवऱ्यालाही बोलली नसणार. आपल्याला कळलंय हे आईला कळायला नको म्हणून. मग नाही कळलेलं मला. तुम्हीही काही ऐकलं नाहीत. ते आपोआप सुरू होतंय तसंच होऊ द्या, उद्याही, पुढच्या रविवारीही. बाकीचं राहिलं असेल तर राहू दे, हळू चाललं तरी चालेल. तुम्ही निघा आता. दार नुसतं ओढा, ते आपोआप लागतं.