हळदीतला ढोलक

आर्वी गावात एका हळदीत माही कशी फजिती झाली, थे सांगतलं नाई का तुमाले? ऐका मंग.

माही खोली आटाचक्कीच्या वर. तिथंच बसून मी कीबोर्डवर हळदीच्या गाण्याचा रिदम बसवत होतो. कीबोर्डमंदी ढोलक, गिटार, बासरी, सगळ्यायचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येते. मले ढोलक लयच जड लागे. त्याचा आवाज उतरवला. तरी जड! अजून उतरवला. आमचा गायक रमेश म्हणे, "आता मस्त जमलं बे, सेव्ह करून टाक."

हळदीत नवरीच्या मामीनं पदर खोचला, बाया नाचाले उभ्या राह्यल्या. मी बटन दाबलं, त नुसती गिटार अन् बासरी. ढोलकाचा पत्ताच नाई!

मामी कमरेवर हात ठेवून म्हणे, "काऊन गा, नवरीले निजवून राह्यला का?"

रमेश घाबरला. "अबे, घरी त दणदण वाजत होता ना ढोलक!"

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. "लेका, थो ढोलक नव्हता. खालची चक्की होती!"

मामीनं आयकलं. खोचलेला पदर सोडला अन् म्हणे, "मंग आमाले चक्कीवरच बलवाचं ना गा! नाचणं बी झालं असतं, दळण बी."