बोर्डाला मी हात लावला नव्हता

परत सांगू? आता तुम्ही बसलाच हायत तर ऐका, पण तुम्हाला सांगतो, लई वीट आलाय मला ह्याचा... जो येतो तो चहाचा घोट घ्यायच्या आत म्हणतो, 'दादा, ते एसीचं काय झालं होतं हो?' काय व्हायचंय? इज्जत गेली माझी! हर्सूलला मपल्याच घरात, जिथली एकेक भिंत मी उन्हात उभं राहून बांधून घेतली, तिथं मला खोटारडा ठरवलं! आन् बोर्डाला मी हात लावला नव्हता. आधी एवढं ध्यानात घ्या, मग पुढचं.

तर आधी थोरल्या पोराच्या, बन्सीच्या खोलीत एसी आला. मग धाकट्या सुनेनं तोंड फुगवलं, म्हणून धाकट्याच्याही खोलीत आला. दोन्ही संगं लावले की कधीमधी बोर्डातलं बटन पडायचं अन् लाईट जायची, उचललं की परत चालायचं, चाललं होतं कसंतरी... तेवढ्यात आला धोंड्याचा महिना, तोही ऐन जेठात! जावई येणार म्हणलं की आमच्या मंडळीच्या, चतुराबाईच्या अंगात येतं. 'सिल्लोडला त्यांच्या घरी एसी हाय, इथं काय पंख्याखाली घाम पुसत बसवता?' मी म्हणलं, 'अगं, जावई धोंडे खायला येतेत का बर्फात ठेवायला?' पण ऐकतंय कोण? बसवला तिसरा एसी बैठकीत! आन् तिन्ही एकाच वायरीवर, जी घर बांधताना पंखे आन् फ्रिजच्या हिशोबानं टाकली होती!

जावई आले. पाय धुतले, पाटावर बसवलं, एसी लावला, दोन्ही खोल्यांतले चालूच... आन् खट! सगळं गार. म्हणजे गरम! आन् मी कुठं? नेमका बोर्डाखाली! कारण माझी बाज तिथंच, तंबाखूची पिशवी शेजारच्या खिळ्याला, ती काढायला हात वर केला होता. जावईबापू बाहेर आले, माझ्या हाताकडं पाहिलं, आन् असे गोड बोलले, असे गोड... 'मामा, तुम्हाला एसी आवडत नाय तर सांगायचं होतं ना, मी पंख्यात बसलो असतो.' घ्या! बन्सी म्हणतो, 'दादा, पाव्हण्यासमोर तरी असं करू नका.' चतुराबाई म्हणती, 'ह्यांची खोडच हाय ती!' अरे, हात नव्हता लावला मी!

मग तर रोजचंच झालं. बटन पडलं, दादानं पाडलं! मी मोरीत अंघोळ करू लागलो होतो तरी, दादानंच पाडलं! काय, मी मोरीतून काठी घातली का बोर्डात? शेवटी जावईबापूंनी फर्मान काढलं, बोर्डाच्या पेटीला कुलूप लावा. लावलं! चावी त्यांच्याच खिशात. माझी बाज मागं ज्वारीच्या कोठीपाशी नेऊन टाकली, जसं बदलीवर पाठवलं मला! आन् दुसऱ्याच दुपारी, कुलूप जागेवर, म्हातारा मागं... खट!

आता तरी कुणी 'दादा, चुकलं' म्हणावं का नाय? छ्या! जावईबापू म्हणाले, 'म्हणजे बटनच बारीक हाय. मोठं टाका.' हे कोण बोलतंय, तर खताचं दुकान चालवणारा माणूस! एक गोणी कमी पडली, दोन टाका, तसं! पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाय म्हणायची आमच्यात कुणाची छाती? वायरमन फकिराला बोलावलं. त्यानं वायर पाहिली, जावयाकडं पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आन् दुपटीचं बटन टाकून गेला. मग काय, बटन पडेचना! जावईबापू मिशीवर हात फिरवून म्हणतेत, 'बघा मामा, अक्कल लागती!'

धोंड्याच्या दिवशी दुपारी सगळे तूप-पुरण चापून, दारं लावून, तिन्ही एसी सोडून घोरू लागले. मी बाजेवर. वास आला, चप्पल जळाल्यावानी. हाक मारली, 'बन्सी, जळकं येऊ लागलंय रे!' आतून आवाज, 'दादा, झोपा!' चतुराबाई म्हणती, 'तुमच्या तंबाखूचा असंल.' भिंतीला हात लावला तर तवा! आन् वर वायरीवरच्या पट्टीतून धूर... आत लेकरं झोपलेली, बोर्डाला कुलूप, चावी जावयाच्या उशाखाली! तसाच पळालो अंगणात अन् मीटरखालचा मेन स्विच खाडकन खाली ओढला.

तुम्हाला सांगतो, दारं उघडली अन् सगळे माझ्यावर! बनियनवरचे जावईबापू सगळ्यात पुढं, 'सापडले! आता म्हणा मामा, हात लावला नाय म्हणून!' म्हणलं, 'लावला! ह्याच हातानं लावला! आत जाऊन धूर बघा आन् मग बोला!' आत गेले... पट्टी वितळून भिंतीवरून ओघळू लागली होती. सुना लेकरं उचलून अंगणात!

फकिरा आला अन् आता शहाणपण सांगतो, 'चाचा, बटन वायर के हिसाब से डालते. वायर गरम होने के पहले बटन गिरना, वोइच उसका काम है. बड़ा बटन डाले तो वो आराम से बैठता, वायर जलती.' म्हणलं, 'अरे मर्दा, हे तव्हा का नाय बोलला?' तर म्हणतो, 'जवाईसाब के मुंह पे कैसे बोलूं चाचा? धोंडे का महीना था!' म्हणजे तोही!

आता तिन्ही एसीला तीन वेगळ्या जाड वायरी, त्या वायरीच्या मापाचं ज्याचं त्याचं बटन. बन्सीनं पाय धरले. धाकटीनं न मागता चहा आणला. चतुराबाईसुद्धा, तोंड तिकडं करून का होईना, 'चुकलंच' म्हणली. आन् एकजण अख्ख्या सिल्लोडात सांगत फिरतो, 'मी मोठं बटन टाकायला लावलं म्हणून तर सासऱ्याच्या वायरीतला दोष सापडला!' बोला! पुढच्या धोंड्याला परत ह्याच माणसाला मानानं बोलवायचंय, अन् माफी माग म्हणायची सोय नाय... तरी तुम्ही विचारलंच म्हणून नाव सांगून ठेवतो. नानासाहेब. मुक्काम सिल्लोड.